आत्याबाईंनी निंदा सोडली तो चातुर्मास

लग्न होऊन मी दारव्ह्याजवळच्या त्या खेड्यात आले, तेव्हा महाराष्ट्र होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. माझं माहेर यवतमाळचं, त्यात मी मॅट्रिक झालेली. त्यामुळे सुरुवातीला दुपारच्या वेळी बाया मला बघायला यायच्या. मला बघून व्हायला कितीसा वेळ लागणार? मग त्या माझ्या सासूबाईंचं बोलणं ऐकायला थांबायच्या, आणि दिवे लागायची वेळ झाली की नाइलाजानं उठायच्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. ठेंगणी, चपळ बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की ओट्यावर बसून बोलली तर नाल्यापलीकडच्या माणसानं मागे वळून बघावं. आमच्या गावात तेव्हा वर्तमानपत्र येत नव्हतं आणि त्याची उणीव कुणाला भासतही नव्हती. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची सून माहेरून रिकाम्या हातानं आली, हे सगळं आमच्या ओट्यावर कळत असे, आणि तेही नकलांसकट. एक गोष्ट मात्र खरी, आत्याबाई खोटं कधी बोलत नसत. जे असेल तेच सांगत, पण सांगण्याची तऱ्हा अशी की ज्याच्याबद्दल सांगितलं तो पुन्हा भेटला की हसू आवरत नसे.

गावातल्या एका आळशी माणसाबद्दल त्या म्हणायच्या, "त्याले देवानं दोन हात देल्ले. एक जेवाले अन् दुसरा ढेकर आल्यावर पोटावरून फिरवाले." एका घरी पुरणपोळी खाऊन आल्यावर म्हणाल्या, "पोळी पाह्याले मस्त होती वो. खायचं काम मात्र बैलाचं."

माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणत असे, दिवसभरात दोन-चार शब्द बोलत. एकदा मी धीर करून विचारलं, तुम्ही असे गप्प का असता? ते म्हणाले, "एका घराले जेवढं बोलणं लागते, तेवढं होऊन राह्यलं ना? मंग मी कायले जास्तीचं करू?" त्या महिन्यातलं ते त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं.

मी त्या वयात सुधारणेनं झपाटलेली होते. पहाटे उठावं, रोज काही वाचावं, रागावू नये, असे संकल्प मी सोमवारी करायची आणि ते बुधवारपर्यंत टिकायचे. स्वतःला सुधारणं जमेना, तेव्हा दुसऱ्यांना सुधारावं असं मनात येऊ लागलं. घरात हाताशी आत्याबाईच होत्या.

आषाढी झाली की गावातल्या बाया चातुर्मासाचा नेम घ्यायच्या. कुणी वांगं सोडायची, कुणी कांदा, कुणी एकवेळ जेवायची. आत्याबाई दरवर्षी कारलं सोडत. कारलं त्यांना बघवतही नसे आणि आमच्या घरात ते कधी येतही नसे. पण कार्तिकापर्यंत त्या कुणाच्या घरी गेल्या की बसता बसता सांगत, "मले कारलं वाढू नका हं, माहा नेम हाय." जणू ती माउली कारल्यावाचून कासावीस झाली होती.

त्या वर्षी दारव्ह्याच्या एका देवळात एक महाराज चातुर्मासासाठी येऊन राहिले होते. त्यांचं प्रवचन रसाळ असतं असं ऐकलं, म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी बैलबंडी जुंपून निघालो. मी, आत्याबाई, आणि आमच्या शेजारच्या काकू व त्यांची लग्नाची मुलगी. काकूंचं आणि आमचं घर एकमेकांना लागून. मध्ये फक्त तुराट्यांच्या कुडाची भिंत. आत्याबाई आणि काकू एकमेकींवाचून जेवत नसत आणि एकमेकींचं कौतुकही करत नसत. काकूंनी नवं लुगडं घेतलं की आत्याबाईंना जुन्या लुगड्याचा कंटाळा यायचा.

महाराजांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. एका गावात एक बाई होती. तिचं अंगण आरशासारखं स्वच्छ. पण तिला एक खोड होती. रोज सकाळी ती गावातल्या प्रत्येकाच्या उकिरड्यावर जायची आणि तिथलं चिमूटभर काहीतरी पदरात बांधून घरी आणायची. कुणाच्या घरचं फुटकं गाडगं, कुणाच्या घरची करपलेली भाकर. मग ते ओट्यावर मांडून आल्यागेल्याला दाखवायची, बघा, अमकीच्या घरून हे निघालं! लोक यायचे, बघायचे, हसायचे. दिवस गेले. एकदा एका परगावच्या माणसानं त्या गावात येऊन विचारलं की बाप्पा, कचरा टाकायचा आहे, गावाचा उकिरडा कुठं आहे? तर लोकांनी त्याला सरळ त्या बाईच्या ओट्याकडे बोट दाखवलं.

सगळं देऊळ हसलं. सगळ्यात मोठ्यानं आत्याबाई हसल्या. मला कोपरानं ढोसून कानात म्हणाल्या, "हे बाई आपल्याच गावची दिसते. वरच्या आळीतली थे घाऱ्या डोळ्याची हाय ना, तिच्यावरच हाय हे गोष्ट." त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं काकूंनी मला ढोसलं आणि डोळ्यांनीच आत्याबाईंकडे खूण केली.

मग महाराज म्हणाले की बायांनो, जे आपल्याला आवडतच नाही ते सोडून देवाला फसवू नका. जे सोडताना जिवावर येतं ते सोडा. हे ऐकून काकू ताडकन उभ्या राहिल्या.

"महाराज, मी चहा सोडला!"

ही मोठीच गोष्ट होती. काकूंचा चहा म्हणजे सूर्य उगवायच्या आधी सुरू व्हायचा. आजूबाजूच्या बाया माना डोलावू लागल्या, कुणीतरी "वा गं माय" म्हटलं. आत्याबाईंना ते सहन होईना. त्यांची चुळबुळ मला दिसत होती. कारलं आता चालण्यासारखं नव्हतं. पदर सावरत त्या उठल्या आणि काय बोलायचं हे ठरायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, "मी निंदा सोडली!"

मग आमच्या गावच्या बाया जिथं बसल्या होत्या, तिथून दाबलेल्या हसण्याचा एक फवारा उडाला. महाराज मात्र हरखले. त्यांनी आत्याबाईंना पुढं बोलावलं, प्रसादाचा नारळ हातावर ठेवला आणि म्हणाले, "माय, हा नेम सगळ्यात कठीण."

"कठीण कायचा महाराज," आत्याबाई म्हणाल्या, "मले कुठं सवय हाय?"

परतीच्या वाटेवर त्यांना आपण काय करून बसलो ते कळू लागलं. काकू मोठ्या खोडकर. गाव मागे पडल्यावर त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "काव बाई, देवळात खांबाजवळ बसली होती थ्या बाईचं लुगडं पाह्यलं का? निळं लुगडं अन् त्याच्यावर हिरवी चोळी!"

आत्याबाईंचं तोंड उघडलं. मी आणि काकूंची मुलगी श्वास रोखून बघत होतो. तोंड तसंच मिटलं. बराच वेळ त्या समोर बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बैल चांगले हाये."

बैल आमचेच होते. काकूंची मुलगी एवढी हसली, की मामाजींनी मागे वळून बघितलं. ते बंडी हाकत होते.

आमच्या भागात ते दिवस निंदणाचे असतात. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण माजतं आणि बाया रांग धरून ते खुरपत पुढं सरकतात. आत्याबाई ज्या रांगेत असत त्या रांगेत जागा मिळवण्यासाठी बाया लवकर यायच्या. निंदता निंदता शेताच्या एका टोकाच्या धुऱ्यापासून दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत अख्खं गाव खुरपून निघायचं. पण त्या वर्षी रांगेत फक्त खुरप्यांचा आवाज. तांड्यावरची एक बंजारा बाई आमच्याकडे कामाला यायची. तिची आणि आत्याबाईंची फार गट्टी. ती त्यांना याडी म्हणायची, म्हणजे तिच्या बोलीत आई. तिनं विचारलं, "याडी, तोंड आलं का तुहं?"

"नेम हाय," आत्याबाई दात आवळून म्हणाल्या आणि तणाबरोबर पऱ्हाटीची दोन चांगली झाडंही उपटून धुऱ्यावर फेकली.

"निंदणातून निंदा काढली तर काय उरतं? नुसता ण!" मी म्हटलं. मॅट्रिकच्या मानानं हा विनोद बरा होता, पण कुणी हसलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनाच करमत नव्हतं.

घरातली अवस्था तर बघण्यासारखी. दुपारी ओट्यावर बाया यायच्या, बसायच्या, आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायच्या आणि उठून जायच्या. आत्याबाई वाती वळत बसायच्या. घरात एवढ्या वाती झाल्या की देवाला पुढची काही वर्षं अंधारात बसायची भीती उरली नाही. मला वाटलं होतं, नेमानं घरात शांती येईल. शांती आली, पण ती कुणाला झेपेना. मामाजी जेवताना इकडंतिकडं बघू लागले. एका संध्याकाळी तर त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

"म्हशी शिरल्यात म्हणते त्याच्या वावरात," ते भाकरीकडे बघत म्हणाले.

"कोणाच्या?" आत्याबाईंचा हात ताटातच थांबला.

"त्याच्याच. तू म्हणत जाय ना, कुंपण कराले ज्याचे हात दुखते."

"म्हशीले भूक लागली असन," त्या म्हणाल्या आणि पुन्हा जेवू लागल्या. मामाजी हिरमुसून हात धुवायला उठले. नवऱ्यानं बायकोला मोहात पाडायचे प्रकार मी पुष्कळ ऐकले होते, पण दुसऱ्याच्या म्हशी दाखवून पाडायचा हा पहिलाच.

ही कोंडी पोळ्याच्या दिवशी फुटली. गावातले बैल सजवून मारुतीसमोर आणले होते. एकाचे बैल अगदीच वाळलेले, झूल टाकली तरी फासळ्या मोजता याव्यात असे. सगळ्या बायांच्या नजरा आत्याबाईंकडे वळल्या. आत्याबाईंनी त्या बैलांकडे निरखून बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "काय हलके बैल हाये वो! मालकाले हाकायचा तरास नाही. वारा सुटला का आपोआप वावरात जात असन."

बाया आधी चपापल्या आणि मग तोंडाला पदर लावून वाकल्या. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जसं तापातून उठलेल्या माणसाला पहिला घास गोड लागावा.

त्या दिवसापासून त्यांनी स्तुती सुरू केली. आळशी माणसाची स्तुती झाली, "त्याच्यासारखा मनाचा थंड माणूस नाही. घर जळत असलं तरी आधी कूस बदलन." एका घरच्या पोरांची स्तुती झाली, "किती समजदार लेकरं! माय कितीबी हाका मारो, कानाले तरास देतच नाहीत." ओटा पुन्हा भरू लागला. बाया म्हणायच्या, काव माय, आज कोणाची स्तुती?

मी एकदा न राहवून म्हटलं, "आत्याबाई, ही तर निंदाच झाली जी."

"काहून? कोणता शब्द वाईट होता, सांग मले."

मी पुष्कळ आठवून बघितलं. सापडेना. व्याकरणानं बाई निर्दोष होती.

"तू शिकलेली हायेस," त्या समजुतीनं म्हणाल्या, "पण तुले चांगलं बोललेलं समजत नाही."

दसऱ्यापर्यंत गावात अशी स्थिती आली, की आत्याबाईंनी एखाद्याला वाखाणलं म्हटल्यावर त्याच्या घरचे लोक काळजीत पडायचे. एका नव्या सुनेला त्या सहज "गुणाची हायेस" म्हणाल्या, तर ती रडत घरी गेली. खरंच गुणाची होती बिचारी. आत्याबाई तिला समजवायला गेल्या, तर तिची सासू दारात आडवी आली, "आता अजून चांगलं बोलू नका बाप्पा!" त्या दिवशी आत्याबाई जरा विचारात पडलेल्या दिसल्या. पण जीभ एकदा रुळावर लागली की थांबवणं अवघड.

याच सुमारास काकूंच्या मुलीसाठी राळेगावकडचं एक स्थळ आलं. शेतीवाडीचं घर. तुळशीचं लग्न झालं की बघण्याचा कार्यक्रम करायचा, असं ठरत होतं. पण त्याआधी गुपचूप विचारपूस करण्याची रीत होती. म्हणून एका सकाळी मुलाचे वडील आणि मुलाची आत्या एसटीतून उतरून सरळ आमच्या दारात आले. फाट्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की गावात कुणाची माहिती पाहिजे असेल तर त्या बाईकडे जा, ती लपवून ठेवत नाही. पण सांगणाऱ्यानं पुढं हेही सांगितलं होतं, की तिनं नावं ठेवली तर घाबरू नका, आणि तिनं स्तुती केली तर पहिल्या गाडीनं परत जा. ही दुसरी गोष्ट आम्हाला मागाहून कळली.

आत्याबाईंनी पाहुण्यांना ओसरीवर बसवलं. मी चहा ठेवला आणि दाराआडून ऐकू लागले. त्या मुलीवर आत्याबाईंचा फार जीव. मागच्या हिवाळ्यात त्या तापानं पडल्या होत्या, तेव्हा मी माहेरी होते आणि त्या पोरीनं येऊन त्यांची वेणीफणी केली होती, गाईची धार काढली होती, मामाजींना भाकरी करून घातली होती. तिचं चांगलं व्हावं असं आत्याबाईंना मनापासून वाटत होतं. त्यांनी अगदी सच्चेपणानं सुरुवात केली.

"पोरगी सोन्यासारखी हाय."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मुलाची आत्या म्हणाली, "सोन्यासारखी म्हणजे? पिवळी पडली का? काही आजार तं नाही?"

"नाही वो बाई! चांगली ठणठणीत हाय. कामाची हाय."

"म्हणजे सांगतलं तरच करते?"

"न सांगता करते."

"न सांगता!" मुलाचे वडील म्हणाले. "म्हणजे कोणाले विचारत नाही."

आत्याबाई जरा पुढं सरकून बसल्या. "स्वभाव मोकळा हाय," त्या म्हणाल्या. मुलाच्या आत्यानं भुवया उचलल्या. "मनात काही ठेवत नाही." आत्यानं पिशवी जवळ ओढली. "डोळे तं असे पाणीदार..."

"डोळ्याले पाणी येते?" असं म्हणत मुलाचे वडील उठलेच. चहाची वाट न बघता ते पायात चपला घालू लागले.

मी दाराआडून बघत होते. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. एवढं अगतिक तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बाई एखाद्याबद्दल खरोखर चांगलं बोलत होती आणि ते कुणी घ्यायला तयार नव्हतं. मग त्यांनी पदर कमरेला खोचला आणि एकदम त्यांचा नेहमीचा आवाज लागला.

"बसा खाली! खरं ऐकाचं हाय ना? मंग ऐका. पोरगी हसते तं विहिरीवरच्या घागरी हालते. सकाळी तिले उठवता उठवता कोंबडा बिचारा थकून जाते. भाकर थापते थे अशी जाड, का एक खाल्ली तं रात्रीचं जेवण वाचते. तोंडाची तिखट. तुमच्या पोरानं वाकडं बोललं तं उलटं सरळ उत्तर भेटन, मंग मले म्हणू नका. दोन वेळा माह्या अंगणातल्या पेरवाच्या झाडावरून पडली हाय, घोडी झाली तरी. अन् माय तिची..."

इथं आत्याबाईंचा साठा फुटला. आषाढापासून बांध घातलेलं पाणी होतं ते. काकू दुसऱ्याच्या घरचं विरजण मागून आणतात आणि ताक आपलं म्हणून वाटतात. काकू नवऱ्याला बोलू देत नाहीत. काकूंनी देवळात चारचौघांत चहा सोडला आणि रोज सकाळी आलं, गूळ, दूध आणि चहापत्ती घालून काढा म्हणून पितात!

पाहुण्यांचे चेहरे हळूहळू उमलत गेले. मुलाच्या आत्यानं पिशवी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी पायातली चप्पल काढली.

"एवढंच ना?" आत्यानं विचारलं.

"एवढंच. याहून जास्त असतं तं मी ठेवलं असतं का?"

मुलाचे वडील पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बाई, आमच्या घरी कोणीच हसत नाही. घागरी हालल्या तं बरंच होईन." मी चहा आणला, त्यांनी तो सावकाश घेतला, आणि ते तसेच उठून शेजारी काकूंच्या दारात गेले. त्याच दिवशी बोलणं पक्कं झालं.

पाहुणे गाडीला गेल्याबरोबर काकू आमच्या ओसरीवर हजर. "माह्या पोरीले घोडी म्हटलं? अन् मी काढा पेते का?"

"मंग काय पेतेस?" आत्याबाई म्हणाल्या.

दोघींचं जे भांडण झालं, ते ऐकायला तांड्यावरची आमची बाईही खुरपं घेऊन दारात येऊन उभी राहिली. विरजण निघालं, लुगडी निघाली, कधीकाळी उसनी नेलेली पाटी निघाली. नवरी मुलगी मध्ये उभी राहून हसत होती, आणि खरोखर चुलीजवळची भांडी हालतील अशी हसत होती. शेवटी काकूंचा घसा कोरडा पडला. त्या मटकन खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, थोडासा काढा ठेव वो."

पण त्यानंतर आत्याबाई गप्प झाल्या, आणि हे गप्प होणं आधीसारखं नव्हतं. देवासमोर घेतलेला नेम मोडला होता. त्यांना ते मनापासून लागलं. जेवण जाईना. मी म्हटलं, पोरीचं भलं झालं, मग पाप कसलं? तर म्हणाल्या, "पोरीपुरतं बोलली असती तं ठीक होतं. विरजणापर्यंत कायले गेली मी?"

शेवटी मी त्यांना घेऊन पुन्हा दारव्ह्याला गेले. महाराज देवळाच्या मागं तुळशीला पाणी घालत होते. आत्याबाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं, अगदी घोडीपासून काढ्यापर्यंत. महाराजांनी तांब्या खाली ठेवला. ओठ दाबून त्यांनी हसू आवरलं असावं असा मला संशय आहे.

"माय, तू बोलत होतीस, तेव्हा ती शेजारीण कुठं होती?"

"कुडामांगं उभी होती, महाराज."

"तुला कसं कळलं?"

"बांगड्या वाजल्या ना. मले पहिल्यापासून मालूम होतं."

मला याचा पत्ताच नव्हता.

"म्हणजे ती ऐकते आहे हे माहीत असून तू बोललीस?"

"हो जी. थोडं तिच्यासाठीच बोल्ली."

"मग ही निंदा नाही," महाराज म्हणाले. "माणूस ऐकत नसताना बोलतात ती निंदा. हे भांडण झालं. भांडणाचा नेम तू घेतला नव्हतास."

आत्याबाईंनी महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठल्या त्या अशा ताज्या होऊन, की वाटेत बाजारात थांबून त्यांनी मला बांगड्या भरल्या.

महाराजांना वाटलं असेल, आपण एका भोळ्या बाईचं मन हलकं केलं. गावावर आपण काय सोडलं आहे याची त्यांना कल्पना नव्हती. कारण दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी एवढंच केलं, की ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला ऐकू जाईल असं बोलायचं. तो दूर असला तर आवाज चढवायचा. फारच दूर असला तर उठून त्याच्या दारात जायचं. वाळलेल्या बैलांच्या मालकाला त्यांनी भर रस्त्यात थांबवून सांगितलं, "बैलाले सरकीची ढेप घाल, नाई तं पुढच्या पोळ्याले तूच झूल घालून ये." तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. पण बैलांची तब्येत सुधारली हे मी डोळ्यांनी बघितलं. वरच्या आळीतल्या घाऱ्या डोळ्यांच्या बाईनं मात्र आमच्या घरचं पाणी कायमचं तोडलं. एक-दोघांनी मामाजींना येऊन विनवलं, की जुनंच बरं होतं, पाठीमागं बोलत होत्या तेव्हा निदान जेवण गोड लागायचं.

मला मात्र त्यातून एक सवय लागली. कुणाबद्दल काही बोलायला तोंड उघडलं, की मन आधी कुडामागं बांगड्या वाजतात का ते ऐकतं. वाजत असतील तर बोलायचं आणि नसतील तर गप्प बसायचं. खरं तर जगाची रीत बरोबर याच्या उलट आहे, त्यामुळे या सवयीनं माझं पुष्कळ नुकसानही केलं. माझे दुपारचे तास फार शांत जाऊ लागले, आणि शांत दुपारी मला अजूनही आवडत नाहीत.

कार्तिकी आली. नेमाची सांगता करताना जी वस्तू सोडली ती दान द्यावी लागते. वांगं सोडणारीनं वांगी दिली, कांदा सोडणारीनं कांदे. काकूंनी पुजाऱ्याला साखर आणि चहाची पुडी दिली आणि देताना आत्याबाईंकडे बघितलं नाही. आत्याबाई पेचात पडल्या. निंदा सोडली, तर दान कसलं करायचं? पुजारी म्हणाले, असा प्रसंग पोथीत नाही. एखाद्याला पाटावर बसवून पोटभर निंदा द्यावी म्हटलं, तर घेणारा कोण मिळणार?

दुपारी मी आतल्या खोलीत होते. मामाजी अंगणातून आले, हातपाय धुतले, स्वतःच भिंतीला टेकवलेला पाट घेऊन ओसरीवर मांडला आणि त्यावर मांडी घालून बसले.

"दे," ते म्हणाले. "मी घेतो दान."

आत्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग समोर बसल्या. आधी अडखळल्या, पण लवकरच गाडी सुटली. लग्नात मामाजी वरातीतच झोपून गेले होते, तिथून सुरुवात झाली. बाजारातून आणलेली नासकी वांगी, पावसाआधी कधीच न शाकारलेलं छप्पर, पाहुण्यांसमोरचं मुकेपण, पहिल्या बाळंतपणात सासुरवाडीला यायला विसरलेला नवरा. मामाजी मान डोलावत ऐकत होते, मधूनच एखाद्या जागी "हो, थे खरं हाय" म्हणत होते. आत्याबाईंचा आवाज एकदा चढला, एकदा भरून आला, पुन्हा चढला, आणि उन्हं ओसरीवरून उतरायला लागली तेव्हा त्या थांबल्या.

"आता आठवून नाही राह्यलं," त्या म्हणाल्या.

मामाजींनी पाटावरच जरा सरकून मांडी बदलली.

"आठवन," ते म्हणाले. "मी बसलो हाव."